ट्रक गेटवर, बिल रांगेत

(दृश्य : चाकण एमआयडीसी. रात्रीचे दोन. कारखान्याच्या गेटवर भरलेला ट्रक, इंजिन बंद.)

माल भरून झालाय, ताडपत्री बांधून झालीय. ड्रायव्हर बिलाची वाट बघत केबिनमध्ये बसलाय. या एका बिलासाठी पाच ठिकाणचे संगणक कामाला लागतात. बिल तयार होतं ईआरपीमध्ये, म्हणजे कारखान्याचे सगळे व्यवहार सांभाळणाऱ्या प्रणालीत. वजन येतं काट्याच्या केबिनमधून. आयआरएन (बिलाची सरकारी ओळखखूण), क्यूआर कोड आणि ई-वे बिलाचा (मालवाहतुकीच्या दस्तऐवजाचा) नंबर सरकारी पोर्टलकडून. ग्राहक कंपनीच्या पोर्टलवर एएसएन चढवावी लागते, म्हणजे माल निघाल्याची आगाऊ वर्दी. आणि सकाळी अकाउंट्सवाले टॅली उघडतील तेव्हा हेच बिल तिथे असायला हवं.

(दृश्य : फळ्यावर पाच चौकोन. त्यांना जोडणाऱ्या रेषा एकेक करून उमटतात.)

प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट जोडायचं म्हटलं तर पाचांचे दहा जोड होतात. सहावा आला की पंधरा. सुरुवातीला कुणालाच हे जाणवत नाही, कारण पहिला जोड एका दुपारात होतो. ईआरपीतून एक्सेल फाइल काढायची, एका फोल्डरमध्ये टाकायची, दुसऱ्या बाजूने उचलायची. मग ईआरपीची नवी आवृत्ती येते, एका रकान्याचं नाव बदलतं आणि तीन जोड एकदम तुटतात. कुठले तीन, हे ज्याने ते लिहिले त्यालाच माहीत असतं.

यावरचा उपाय म्हणजे मिडलवेअर, प्रणालींमध्ये निरोपांची ने-आण करणारं सॉफ्टवेअर. ते या सगळ्यांच्या मध्ये बसतं. प्रत्येक प्रणाली फक्त त्याच्याशी बोलते. पाच प्रणाली, पाच जोड. शब्द जुना आहे. जर्मनीतल्या गार्मिश इथे १९६८ साली नाटोने भरवलेल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग परिषदेच्या अहवालातही तो सापडतो. छोट्या कारखान्यांपर्यंत मात्र ही गरज जीएसटीने आणली. ई-इनव्हॉइस, म्हणजे पोर्टलवर नोंदवून आयआरएन घेतलेलं बिल, १ ऑक्टोबर २०२० ला सक्तीचं झालं, ते ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना. मर्यादा उतरत उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आली. तेव्हापासून चाळीस माणसांच्या कारखान्याचं बिलही पोर्टलच्या उत्तरावर अडकू शकतं.

(दृश्य : पडद्यावर क्यू. एक मेसेज आत येतो, दुसरा बाहेर पडतो.)

मिडलवेअरच्या पोटात मुख्य असते ती क्यू, रांग. ईआरपीने बिल पाठवलं की ते आधी डिस्कवर लिहिलं जातं, आणि मगच ईआरपीला 'मिळालं' असं उत्तर जातं. पुढचा प्रोग्राम ते उचलतो, पोर्टलकडे नेतो, काम पुरं झालं की क्यूला पोच देतो. पोच मिळाल्यावरच मेसेज रांगेतून निघतो. मध्येच लाइट गेली तर पोच जात नाही, आणि लाइट आल्यावर तोच मेसेज पुन्हा उचलला जातो.

इथे नीट लक्ष द्यायला हवं. पुन्हा उचलला जातो, म्हणजे तेच बिल पोर्टलकडे दोनदा जाऊ शकतं. जी रांग मेसेज हरवू देत नाही, ती कधीतरी तो दोनदा देणारच. तेव्हा एकच काम दोनदा सांगितलं गेलं तरी ते एकदाच व्हावं, याची सोय आधीच करून ठेवावी लागते.

ई-इनव्हॉइसमध्ये ती सोय नियमातच आहे. आयआरएन म्हणजे ६४ अक्षरांची एक खूण. विक्रेत्याचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि बिल नंबर, एवढ्यावरून ती निघते. हे चार तेच, तर आयआरएन तोच. दुसऱ्यांदा पाठवलं की पोर्टल २१५० क्रमांकाची चूक देतं : डुप्लिकेट आयआरएन. त्याच उत्तरात आधी दिलेला आयआरएनही असतो.

आता रात्री दोन वाजता काय होतं ते बघा. बिल पोर्टलवर पोहोचलं, आयआरएन तयार झाला, पण उत्तर परत येताना कनेक्शन तुटलं. ईआरपीच्या पडद्यावर 'अयशस्वी'. ऑपरेटर पुन्हा बटण दाबतो, २१५० येतं. पडदा पुन्हा लाल. ट्रक उभा, सुपरवायझरचा फोन चालू. ऑपरेटर वैतागून नव्या नंबरचं बिल काढतो आणि ट्रक सोडतो. एकाच मालाची दोन बिलं झाली. दोन्ही जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात गेली, दोन्ही ग्राहकाच्या खात्यात दिसली. पहिलं रद्द करायला २४ तास मिळतात, आणि त्यावर ई-वे बिल चालू असेल तर आधी ते रद्द करावं लागतं. मुदत टळली की क्रेडिट नोट. रद्द केलेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही.

नीट बांधलेलं मिडलवेअर २१५० ला चूक मानतच नाही. उत्तरातला आयआरएन काढून घेतं, बिलाशी ताडून बघतं आणि ईआरपीत भरतं. ऑपरेटरला हिरवी खूण दिसते. आठ-दहा ओळींचं काम आहे हे, पण बांधणी तपासताना सगळ्यात आधी याच ओळी शोधाव्यात.

(दृश्य : वजनकाट्याची केबिन. इंडिकेटरवर हलणारे लाल आकडे. मागे नऊ पिनांची केबल.)

मिडलवेअरचं दुसरं काम भाषांतर, म्हणजे एका प्रणालीची माहिती दुसरीला समजेल अशी करणं. काट्याचा इंडिकेटर सीरियल केबलमधून वजन सतत ओकत असतो. ट्रक काट्यावर चढताना आकडा हलतो : ९,८४०, १०,११०, १०,०६०. पहिला आलेला आकडा उचलला की वजन चुकलंच. दोन-तीन सेकंद आकडा न हलता राहिला तरच तो घ्यायचा. मग किलोचे नग करायचे. एक कास्टिंग २.४ किलोचं असेल तर ५०० नगांचे १,२०० किलो व्हायला हवेत. भरलेल्या ट्रकच्या वजनातून रिकाम्याचं आणि पेट्यांचं वजा करून उरलेला आकडा यापासून फार लांब असेल, तर बिल तिथेच थांबवायचं.

काट्यावरचा माणूस गाडीचा नंबर मध्ये जागा सोडून टाकतो, पोर्टलला तो सलग लागतो. ईआरपीत एकक 'पीस' असतं, पोर्टलकडे ठरलेले संकेत आहेत. बिल नंबर १६ अक्षरांच्या आत हवा. हे सगळे बदल एकाच जागी, कोष्टकात ठेवायचे. ते कोडमध्ये विखुरले की नव्या ग्राहकागणिक प्रोग्रामर बोलवावा लागतो.

तारखेचा घोळ मात्र सहज दिसत नाही. बरेच सर्व्हर यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. १ एप्रिलला रात्री दोनला काढलेलं बिल त्यांच्या लेखी ३१ मार्चच्या रात्री साडेआठचं. तारीख तशीच पुढे गेली तर आर्थिक वर्ष बदलतं, आणि वर्ष बदललं की आयआरएनही बदलतो. वर्षभर पहिल्या-दुसऱ्या पाळीत कुणाला काही कळत नाही, आणि नेमक्या त्या रात्री कळतं.

(दृश्य : डिस्पॅच ऑफिस. पडद्यावर अडकलेल्या मेसेजची यादी.)

चुका दोन जातीच्या असतात. पोर्टल उत्तर देत नाही, लाइन तुटली, पोर्टलने दिलेल्या प्रवेश-टोकनची सहा तासांची मुदत संपली, या पहिल्या जातीच्या. टोकन नवं घ्यायचं. बाकी वेळी तीस सेकंदांनी, मग दोन मिनिटांनी, मग आठ मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करायचा. अंतर वाढवत न्यायचं, नाहीतर पोर्टल जागं होता होताच सगळ्यांची एकदम धडक बसते. दुसरी जात म्हणजे चुकीची माहिती. पिनकोड आणि राज्य जुळत नाही, एचएसएन (मालाच्या प्रकाराचा संकेतांक) चार आकडी आहे आणि सहा हवेत. हे हजार वेळा पाठवलं तरी परतच येणार. असा मेसेज बाजूला काढतात. त्याला म्हणतात डेड लेटर क्यू. पत्ता न सापडलेली पत्रं पोस्टात रिटर्न लेटर ऑफिसला जायची, तसंच हे. फरक इतकाच, की इथे पत्र उघडून दुरुस्त करून पुन्हा टपालात टाकता येतं. पण रोज ही यादी उघडणारा माणूस नावानिशी नेमलेला हवा. वर्षाकाठी १० कोटी आणि त्यावर उलाढाल असलेल्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिल तीस दिवसांत पोर्टलवर न्यावंच लागतं. विसरलेल्या यादीत पडलेलं बिल एकतिसाव्या दिवशी पोर्टल घेत नाही.

आणि ट्रक कशासाठी थांबवायचा, हे संगणकवाल्यांनी नव्हे, डिस्पॅचने ठरवायचं असतं. आयआरएन हवाच. माल राज्याबाहेर चालला असेल आणि किंमत ५० हजारांच्या वर असेल तर ई-वे बिल हवंच. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख. एएसएनशिवाय ग्राहकाच्या गेटवर माल उतरत नसेल, तर तीही हवी. टॅलीसाठी मात्र ट्रक उभा करायचं कारण नाही. टॅलीचा संगणक रात्री बंद असतो. तिचा मेसेज रांगेत पडून राहतो आणि सकाळी संगणक सुरू झाला की जातो.

हे सगळं चालू करण्याआधी एक दिवस फक्त मोडतोडीसाठी ठेवावा. चाचणीचं बिल पोर्टलकडे गेलं की नेटवर्कची वायर उपटायची. रांग भरलेली असताना सर्व्हरचा प्लग काढायचा. घड्याळ ३१ मार्चच्या मध्यरात्रीवर न्यायचं. तेच बिल पाच वेळा पाठवायचं, आणि पाचही वेळा ईआरपीत एकच आयआरएन दिसतो का ते बघायचं.

(दृश्य : प्रिंटरमधून क्यूआर कोड असलेलं बिल बाहेर येतं. गेटचा बार वर जातो.)

दोन वाजून अकरा मिनिटं. पहिल्या प्रयत्नात लाइन तुटली होती, दुसऱ्यात २१५० आलं, आणि त्यातलाच आयआरएन बिलावर छापला गेला. ऑपरेटरने बटण एकदाच दाबलं होतं. अडकलेल्या यादीत एक मेसेज शिल्लक आहे : दुसऱ्या एका ग्राहकाच्या नव्या प्लांटचा पिनकोड चुकलाय. नऊ वाजता डिस्पॅचमधला माणूस येईल, तो दुरुस्त करेल आणि 'पुन्हा पाठवा' दाबेल.