कावीळ गोळ्यांचीही असते

श्रोतेहो, नमस्कार. कावीळ म्हटली की आपल्याकडं पहिला संशय पाण्यावर जातो, आणि पुष्कळदा तो बरोबरच असतो. टँकरचं पाणी, पहिल्या पावसात गढूळलेली विहीर, गटारीला लागून गेलेली फुटकी पाइपलाइन, यांतून हिपॅटायटीस ए आणि ई घरात येतात. पण काही वेळा डोळे पिवळे होण्याचं कारण घरातल्या गोळ्यांच्या पिशवीत असतं. औषधानं लिव्हरला इजा होते. ती ओळखायची कशी, यावर आज बोलायचं आहे.

अडचण अशी, की ही इजा औषधानंच झाली असं ठामपणे सांगणारी एकही रक्ततपासणी नाही. पुन्हा सांगतो, अशी एकही तपासणी नाही. बाकीची कारणं एकेक करून बाजूला काढायची आणि मग तारखा जुळवायच्या. औषध कधी सुरू झालं, कधी थांबलं, त्रास कधी सुरू झाला.

जिंतूर तालुक्यातले साठी ओलांडलेले एक काका महालक्ष्म्यांच्या सुमारास माझ्याकडं आले होते. पिढीजात वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, आणि तिच्याखाली कावीळ उतरवणाऱ्यानं घातलेली देठांची दुसरी माळ. ही माळ लांबेल तशी कावीळ उतरेल, असं घरच्यांना सांगितलेलं. देठं वाळली की गाठी सैल होतात आणि माळ लांबते. कावीळ होती तिथंच होती. काकांच्या हातापायांवर नखांचे ओरखडे होते. "रातभर खाजवायलेत, डोळ्याला डोळा नाही," काकू म्हणाल्या.

गावात त्या महिन्यात काविळीचे आणखी पेशंट होते, म्हणून मुलगा पाण्यालाच दोष देत होता. तपासण्या केल्या. हिपॅटायटीस ए, बी, सी, ई, चारही निगेटिव्ह. सोनोग्राफीत खडा नाही, पित्ताची नळी फुगलेली नाही. दारूचा प्रश्नच नव्हता. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम, थोडंच वाढलेलं. पित्त अडलं की वाढणारं अल्कलाइन फॉस्फेटेज मात्र बरंच वर. म्हणजे पित्त लिव्हरच्या आतच तुंबलं होतं, आणि खाज त्याचीच.

"काका, गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"काय बी नाही. बीपीची एक, ती लई सालापासून."

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अन् दाढ काढली तवा देल्त्या की गोळ्या!"

"त्या कवाच संपल्या," काका म्हणाले.

संपलेली गोळी माणूस हिशोबात धरत नाही. मी दिवस विचारला, तो कुणालाच सांगता येईना. मग काकूंनी मुलाला घरी फोन लावायला सांगितला आणि सुनेकडून भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो मागवला. दुधाचा हिशोब काकू त्याच्यावर ठेवतात. चौकोनाचौकोनात निळ्या पेनानं "१", "दीड", एखाद्या दिवशी "नाही". राखीपौर्णिमेच्या चौकोनात दुधाच्या आकड्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, "यांची दाढ ४५०". आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, "खाजेचं मलम ६०".

दाताच्या डॉक्टरांना फोन केला. पाच दिवसांच्या गोळ्या होत्या, अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. अँटिबायोटिक चांगलंच आहे, बहुतेकांना त्यानं काहीही होत नाही. ज्यांना होतं त्यांत उतारवयातले पुरुष जास्त, आणि यातली कावीळ कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही उगवू शकते. नीट ऐका, कोर्स संपल्यावरही. काकांची खाज दिवाळीपर्यंत थांबली, रिपोर्टही जागेवर आले. बीपीच्या फाइलला आता एक कार्ड लावलेलं आहे, "हे औषध पुन्हा नाही." एकदा देऊन खात्री करून बघू, असं इथं चालत नाही. दुसऱ्या वेळची इजा लवकर आणि जास्त जोरात होऊ शकते.

दोन गोष्टी मला बोलायच्याच आहेत. सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून द्यायची पद्धत बंद झाली पाहिजे. काकांनाही पुडीच मिळाली होती. आपल्या पोटात काय गेलं हे कळण्याचा पेशंटला हक्क आहे. आणि दवाखान्यात बायकांना बाहेर बाकावर बसवून पुरुषांनीच आत येऊन बोलायचं, हेही थांबवा. घरातल्या आजारपणाच्या तारखा बहुतेक त्यांनाच माहीत असतात. त्यांना आत येऊ द्या, आधी बोलू द्या.

आता टीबीच्या गोळ्यांबद्दल. आपल्या देशात औषधांमुळं होणाऱ्या लिव्हरच्या इजेत त्यांचा वाटा फार मोठा आहे. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, या तिन्हींनी लिव्हर दुखावू शकतं. भूक मरणं, मळमळ, उलट्या, गडद लघवी, यांतलं काही दिसलं तर डोळे पिवळे होण्याची वाट बघू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्रास असताना एसजीपीटी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीच्या वर, किंवा काहीच त्रास नसताना पाचपटीच्या वर गेलं, तर डॉक्टर या गोळ्या थांबवतात आणि लिव्हर सावरल्यावर एकेक करून परत सुरू करतात. रिपोर्टशिवाय मनानं कोर्स सोडून देऊ नका, टीबी उलटतो.

एसजीपीटी तिपटीच्या वर आणि सोबत बिलिरुबिन, म्हणजे डोळे पिवळे करणारं द्रव्य, दुपटीच्या वर, ही जोडी धोक्याची. हायमन झिमरमन या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिलं, की औषधानं अशी कावीळ झालेल्या दहातला साधारण एक पेशंट दगावू शकतो. अशा पेशंटला घरी ठेवू नका.

काढा, भस्म, वैदूची पुडी, जिममधली पावडर, हेही सगळं डॉक्टरांना सांगा. कुणी रागावेल म्हणून लपवू नका.

आणि औषधाचा असा त्रास झाला तर त्याची नोंद पेशंटला स्वतःलाही करता येते. देशाच्या फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या, कार्यक्रमाचा टोल फ्री क्रमांक लिहून घ्या, १८००-१८०-३०२४. पुन्हा सांगतो, १८००-१८०-३०२४. फोन कामाच्या दिवशी करा, आणि गोळीची स्ट्रिप हातात असू द्या. नमस्कार.