पॅरोलच्या तीस फुल्या

नमस्कार श्रोतेहो. आज तुरुंगातल्या रजेविषयी बोलायचंय. पण आधी त्या आजींचं सांगते.

पंधराएक वर्षं झाली असतील. कैद्यांच्या मोफत वकिलीसाठी मी दर बुधवारी एका कारागृहात जायची. त्या सकाळी फाटकाबाहेर एक आजी बसलेल्या. पहिल्या एसटीनं आलेल्या. पिशवीत मुलाचा नवा सदरा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सुतळीनं बांधलेली कॅलेंडरं, चार वर्षांची. महिना उलटला की पान फाडून टाकणारी माणसं मला कधी कळली नाहीत. दुधाचा खाडा, गॅसची तारीख, अख्खं घर असतं त्या पानांवर. आजींनी प्रत्येक पान जपलेलं आणि रोजच्या चौकोनात पेन्सिलीची फुली. माफीचे दिवस वजा करून मुलानं पत्रात तारीख कळवली होती, तिथवर. "मोजून बघा वकीलबाई, आज सुटतोय माझा."

मी आत जाऊन विचारलं. सुटका आज नव्हती, तीस दिवसांनी होती. मधे वडील अत्यवस्थ झाले तेव्हा तो तीस दिवस पॅरोलवर घरी होता. बाहेर येऊन सांगितलं, तसं आजींनी सुतळी सोडली आणि नेमकं तेच पान काढलं. "बापाच्या उशाशी बसला होता हो. चौकीत जाऊन सही करत होता. गाव सोडून कुठं गेला नाही. मग ह्या फुल्या खोट्या?"

खोट्या नव्हत्या. पण आपल्याकडे फर्लो आणि पॅरोलचे नियम आहेत. फर्लो म्हणजे संचित रजा, चांगल्या वागणुकीवर मिळते. ती शिक्षेत धरतात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, घरच्या अडचणीसाठी. ती धरत नाहीत. पुन्हा सांगते: फर्लो धरतात, पॅरोल धरत नाहीत. जितके दिवस पॅरोल, तितकी सुटका पुढं.

गोव्यातल्या जन्मठेपेच्या कैद्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये निकाल लागला: मुदतपूर्व सुटकेसाठी प्रत्यक्ष चौदा वर्षं मोजताना पॅरोलचे दिवस वगळायचे. नाहीतर वजनदार कैदी पुन्हापुन्हा पॅरोल घेतील, असं न्यायालयानं म्हटलं. ते मला पटतं. तरी बातम्यांत 'पॅरोलवर सुटला' म्हणतात ते खटकतं. सुटत नाही हो कुणी. घरी बसून ते दिवस उसने घेतो, आणि परत आत जाऊन फेडतो.

आजींना हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. मुलालाही नाही. सदरा घेऊन त्या दुपारच्या गाडीनं परत गेल्या.

म्हणून सांगते, घरातलं कुणी आत असेल आणि पॅरोलवरून परत गेलं असेल, तर सुटकेची नवी तारीख लगेच लेखी मागा. दाद मिळाली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कोठडीतल्या माणसाला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.