फळीवरची गोष्ट

(पडदा काळा. आधी सुरीचा आवाज, मग हात.)

ही जपानी छपाईची, चेरीच्या लाकडाची फळी. तिच्यावर चिकटवलेला कागद म्हणजे पुस्तकाचं एक पान, मजकुराची बाजू खाली. कारागीर ओल्या बोटाने कागदाचा वरचा पदर चोळून काढतोय. खाली कांद्याच्या पापुद्र्याएवढा थर उरतो आणि त्यातून अक्षरं दिसायला लागतात. उलटी. सुरी प्रत्येक रेषेच्या दोन्ही कडांनी फिरते, मग पटाशी मधलं लाकूड उपसते.

कोरून होईपर्यंत कागद संपलेला असतो. लेखनिकाने सुवाच्य अक्षरात उतरवलेली मुद्रणप्रत गेली भुशात.

जपानी साहित्य म्हटलं की आपल्याकडे हायकू. शिरीष पै यांनी तो मराठीत रुजवला, ते चांगलंच झालं. पण एदोतला, म्हणजे जुन्या टोकियोतला सामान्य माणूस रोज काय वाचत होता, ते या फळीवर सापडतं.

(नकाशा. गोवा, मकाव, नागासाकी.)

शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जपानला ठाऊक नव्हती असं नाही. युरोपहून परतणारी चार जपानी मुलं गोव्यात थांबली होती. त्यांच्यातल्या हारा मार्तिन्योने तिथे लॅटिनमध्ये भाषण केलं, ते १५८८ साली गोव्यातच छापलं गेलं. छापणारा कॉन्स्तांतिनो दोउरादो, तोही जपानीच. १५९० मध्ये जेझुइटांचं, म्हणजे ख्रिस्ती मिशनऱ्यांचं, हे छपाईयंत्र जपानात उतरलं. पुढे आमाकुसा बेटावर इसापच्या गोष्टी जपानी भाषेत, पण रोमन अक्षरांत छापल्या गेल्या. १६१४ मध्ये पाद्र्यांची हकालपट्टी झाली, यंत्र मकावला गेलं.

त्याच सुमारास कोरियातूनही सुटे खिळे आले होते. क्योतोजवळच्या सागा गावात सुट्या लाकडी खिळ्यांवर देखणी पुस्तकं निघाली. तरी पन्नासेक वर्षांत प्रकाशक पुन्हा कोरीव फळीकडे वळले. का, ते या पानावर बघा. एका अक्षराची शेपटी पुढच्याला लागलीय. अवघड चिनी चिन्हांशेजारी बारीक अक्षरात उच्चार दिलाय. मध्येच चित्र, आणि चित्रातल्या बाईच्या बाहीला वळसा घालून मजकूर. जुळवा हे खिळ्यांनी! शिवाय खिळे सोडवले की पान मोडतं. फळी कोठारात पडून राहते, मागणी आली की पुन्हा शाई लावायची.

(जिंबोचो, टोकियो. जुन्या पुस्तकांची दुकानं.)

इथल्या बऱ्याच दुकानांची तोंडं उत्तरेला आहेत, पुस्तकांवर ऊन पडू नये म्हणून. आमच्या कॅमेरामनची त्यामुळे चांगलीच पंचाईत झाली.

हे किब्योशी, म्हणजे पिवळ्या वेष्टनाचं चित्रकथेचं पुस्तक. लाल, काळी, हिरवी आणि पिवळी. वेष्टनाच्या रंगावरून साहित्यप्रकाराला नाव पडलं. पहिलं किब्योशी १७७५ चं, कोइकावा हारुमाचीचं. खेड्यातला एक तरुण नशीब काढायला एदोला निघतो. वाटेत मोचीचं, म्हणजे धान्य कुटून केलेल्या चिकट वड्यांचं, दुकान लागतं. मोची तयार होईस्तोवर त्याला डुलकी लागते. श्रीमंताच्या घरी दत्तक जातो, पैसा उधळतो, हाकलला जातो, आणि जागा होतो तेव्हा मोची अजून व्हायचीच असते. स्वप्न कसं दाखवलंय? झोपलेल्या माणसातून निघालेल्या फुग्यात.

पुस्तकं विकत घेणारे थोडे, भाड्याने नेणारे फार. पाठीवर चळत बांधून दारोदार फिरणारे हे पुस्तकवाले १८०८ साली एकट्या एदोत ६५६ होते.

सरकारला असली पुस्तकं रुचली नाहीत. १७९१ मध्ये लेखक सांतो क्योदेनला पन्नास दिवस हातकड्या, प्रकाशक त्सुताया जूझाबुरोची निम्मी मालमत्ता जप्त.

(हस्तलिखित. कॅमेरा हळू सरकतो.)

आणि हे बाकिनचं. आठ वीरांची त्याची कादंबरी १८१४ ते १८४२ अशी अठ्ठावीस वर्षं चालली, १०६ खंड. शेवटी शेवटी डोळे गेले. मुलगा आधीच वारलेला. विधवा सून ओमिची लिहायला बसली. तिला फारशी चिनी चिन्हं येत नव्हती. सासरा अंधारात बसून सांगायचा, डावीकडे हे काढ, उजवीकडे ते. एकेक चिन्ह असं तोंडी.

अक्षर कुठे बदललं, तुम्हीच पाहा.

(निवेदन नाही. फक्त पानं.)

मेइजी काळात, म्हणजे १८६८ नंतर, शिशाचे खिळे परत आले, १९०० साली शाळेतली अक्षरं एकसाची झाली. ही पुस्तकं आज बहुतेक जपान्यांना वाचता येत नाहीत. आपल्या मोडीचं झालं तेच.

कारागिराने फळीवर शाई फिरवलीय. ओलसर कागद ठेवलाय. हातातली चकती बारेन, बांबूच्या सालीत गुंडाळलेली. तिने तो कागद घासतोय, आतून बाहेर, गोल गोल. यंत्र नाही, एवढाच छापखाना.

आता एक कोपरा उचलतोय.

(कागद वर येतो. अक्षरं सुलटी.)