सत्तर इंचांची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो.

इजिप्तमधला गिझाचा मोठा पिरॅमिड माणसांनी कसा बांधला आणि तो साडेचार हजार वर्षांचा आहे हे कशावरून, असं कुणी विचारलं की काही जाणकार मंडळी वैतागतात. मला हे वैतागणं पटत नाही. २३ लाखांच्या आसपास दगड, एकेकाचं वजन सरासरी अडीच टन. एवढं बघून ज्याला प्रश्नच पडला नाही, त्यानं पिरॅमिड नीट पाहिलेलाच नाही. प्रश्न विचारावा, जरूर विचारावा. फक्त विचारून झाल्यावर टेप घेऊन तिथं जावं आणि मोजावं. असं करणाऱ्या एका माणसाची गोष्ट आज सांगतो.

एकोणिसाव्या शतकात चार्ल्स पियाझी स्मिथ हे स्कॉटलंडचे राजखगोलशास्त्रज्ञ होते. विद्वान माणूस, ताऱ्यांचा उत्तम अभ्यासक. पिरॅमिडविषयी मात्र त्यांच्या मनानं एक गोष्ट घेतली. त्यांचं म्हणणं असं, की या पिरॅमिडचा आराखडा ईश्वरी प्रेरणेनं झाला आणि त्यासाठी आपल्या इंचाहून केसभर मोठा असा एक खास इंच वापरला गेला. तसे २५ इंच म्हणजे एक हात, आणि पायथ्याच्या एका बाजूत असे हात मोजले की येतात ३६५ आणि वर जवळपास पाव. वर्षाचे दिवस! दगडात मांडलेलं पंचांगच. स्मिथ १८६५ साली स्वतः मोजायला गेलेही होते. पण पायथा तेव्हा मातीदगडांच्या ढिगाऱ्याखाली गाडलेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पायथा गाडलेला होता.

इंग्लंडमधल्या विल्यम पीट्री नावाच्या एका धार्मिक वृत्तीच्या इंजिनियरला ही कल्पना फार भावली. त्यांचा मुलगा फ्लिंडर्स तब्येतीनं नाजूक, शाळेत कधी गेलाच नाही, घरीच शिकला. तेराव्या वर्षी त्यानं स्मिथ यांचं पुस्तक वाचलं. बापानं लेकाला जमीन मोजायला शिकवलं. दोघांनी मिळून इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाची मोजणी केली, आणि फ्लिंडर्सनं तिथल्या दगडांना दिलेले क्रमांक आजही वापरात आहेत. मग ठरलं, दोघांनी गिझाला जायचं. वडिलांचं निघणं लांबत गेलं, लांबतच गेलं. शेवटी १८८० साली सत्तावीस वर्षांचा फ्लिंडर्स एकटाच बोटीत चढला.

गिझाला तो राहिला कुठं? पिरॅमिडजवळच्या खडकात खोदलेल्या एका रिकाम्या थडग्यात. मदतीला अली गाब्री, ज्यानं स्मिथ यांच्या हाताखालीही काम केलेलं. दिवसा थिओडोलाइट लावून कोन घ्यायचे. बघे येऊन कामात अडथळा करत, म्हणून हा गडी गुलाबी गंजीफ्रॉक आणि गुलाबी आतली विजार एवढ्यावरच फिरायचा. तो अवतार बघून लोक लांबूनच जात! संध्याकाळी प्रवासी परतले की पिरॅमिडच्या आत शिरायचं. आत कोंदट उष्मा, म्हणून तेही कपडे उतरवून मोजमाप करत बसायचं, पार रात्रीपर्यंत. एकच कोन पुन्हा घ्यायचा आणि परत पुन्हा घ्यायचा. दोन हिवाळे त्यानं हे केलं. ढिगारा उकरून मूळचा पायथाही गाठला.

आणि काय निघालं? स्मिथ यांच्या पंचांगासाठी पायथ्याची बाजू हवी होती ९,१४० इंचांच्या आसपास. पीट्रीच्या मापात ती भरली ९,०६९ इंच. सुमारे ७० इंच कमी, म्हणजे जवळजवळ सहा फूट. स्मिथ यांच्याच हातानं भागून बघा, वर्ष ३६२ दिवसांचं होतं! ज्या कल्पनेवर पोरगा वाढला, जिच्यावर वडिलांचा जीव, ती त्यानं स्वतःच्या टेपनं मोडली आणि १८८३ साली आकड्यांसकट छापली.

पण श्रोतेहो, ९,०६९ इंच म्हणजे काय, माहीत आहे? इजिप्तच्या राजहाताचे बरोबर ४४०. राजहात म्हणजे त्या काळचं त्यांचं माप, साधारण साडेबावन्न सेंटिमीटर. ईश्वरी इंच गेला आणि त्या जागी बांधणाऱ्यांचा स्वतःचा हात सापडला. मला तर वाटतं, मुलांना सनावळ्या पाठ करायला लावण्याआधी एखादी जुनी भिंत मोजायला लावावी. आणि मोजल्याची कच्ची वही फेकू देऊ नये. पक्की वही चुकली, तर कच्चीच कामाला येते.

आता काळाविषयी थोडं. दगडाचं वय वेगळं आणि बांधकामाचं वय वेगळं. इथली चुनखडी कोट्यवधी वर्षांची आहे, ती रचली कधी हे ती सांगत नाही. ते सांगतो दगडांमधला गारा. त्यासाठी जिप्सम भाजलं, ते भाजताना सरपण जाळलं, त्याचे कोळसे गाऱ्यात राहिले. जे एकेकाळी जिवंत होतं, त्याचंच वय कार्बन-१४ नं काढता येतं. १९८४ साली असे नमुने तपासले, तर वय इतिहासाच्या ग्रंथांतल्या तारखांपेक्षा सरासरी साडेतीनशेहून अधिक वर्षं जास्त आलं. १९९५ साली पुन्हा तपासलं, तेव्हा फरक शे-दोनशे वर्षांवर आला. जाळलेलं लाकूडच जुनं असावं, असा एक खुलासा दिला जातो. म्हणून संग्रहालयातल्या पाटीवर सालाआधी ‘सुमारे’ हा शब्द नसला की मला चैन पडत नाही. खुद्द पीट्रीनं इजिप्तच्या पहिल्या राजघराण्याचा काळ प्रत्यक्षापेक्षा दोन हजारांहून अधिक वर्षं मागे धरला होता. मापात अचूक असलेला माणूस काळात चुकला.

दगड आणले कसे, याचा एक धागा २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथं मिळाला. फ्रेंच संशोधक पिएर ताले यांच्या पथकाला पपायरसचे तुकडे सापडले, ज्यानं हा पिरॅमिड बांधवला त्या खुफू राजाच्याच काळातले. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. सुमारे ४० माणसांची त्याची टोळी नाईलच्या पलीकडच्या तुऱ्याच्या खाणीतून पांढरा चुनखडक बोटीनं गिझाला पोचवायची. रोजनिशीत कुठं बढाई नाही, देवाची वाणी नाही. आज दिवसभर टोळीनं तुऱ्याला दगड ओढले. रात्रीचा मुक्काम तुऱ्यालाच.

नमस्कार.