येळवस : या की जेवायला

लातुरात आज दुकानं बंद, रस्ते मोकळे, रिक्षा शोधून सापडत नाही, बाहेरून आलेल्या माणसाला वाटेल इथं कर्फ्यू लागला की काय. तसं काही नाही, येळवस हाय. म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षाची. 2024 ला ती 30 डिसेंबरला आली होती. लातूर, धाराशिव आणि आजूबाजूच्या पट्ट्यात या दिवशी माणूस घरात जेवत नाही, शेतात जेवतो, आणि एकटा तर अजिबात नाही.

खरं काम आदल्या रात्रीच सुरू होतं. हे बघा, सासू, जावा, शेजारची वहिनी, सगळ्या विळ्या घेऊन बसल्यात. तुरीच्या शेंगा सोलायच्या, वाटाणा, हरभरा, वाल, भुईमूग, मेथी, पालक, चाकवत, कांद्याची पात, गाजर, त्यात चिंच नि बोरं पण, आणि हे सगळं बेसन लावून आंबट ताकात शिजवायचं, ही झाली भज्जी. तळलेली भजी नव्हे, पुण्याचे पाहुणे दरवर्षी फसतात. सोबत बाजरीचे उंडे म्हणजे गोळे, भाकरी, गव्हाची खीर, आणि ज्वारीचं पीठ ताकात कालवून केलेली आंबील, लसूण-आल्याची, मडक्यात भरून.

आता गंमत अशी की चार माणसांपुरती भज्जी होतच नाही. एवढ्या भाज्या मूठमूठ जरी टाकल्या तरी पातेलं भरतंय, मग खायला माणसं बोलवावीच लागतात. कुणाला शेत नाही, बँकेत बदली होऊन आलेला कुणी सायब, शाळेतले सर, रस्त्यानं चाललेला अनोळखी मोटरसायकलवाला, सगळ्यांना एकच हाक, "या की जेवायला!" नाही म्हणलं तर राग येतो बरं का. दुपारपर्यंत माणूस तीन-चार शेतं फिरतो आणि प्रत्येक ठिकाणी आंबिलीचा तांब्या पुढं येतोच, मग सावलीत आडवं व्हायचं, दुसरा इलाज नाही.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटी खोपी, केलेली असते, आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाली की एकजण पिकात आंबील शिंपडत फिरतो, बाकीचे मागून ओरडत जातात, पोरांना तेवढाच भाग आवडतो.

सगळं गोड गोड दाखवायचं नाही म्हणून सांगतो. रात्रभर शेंगा सोलणाऱ्या बाया सकाळी दुरडी डोक्यावर घेऊन चालतात आणि पंगतीत सगळ्यात शेवटी बसतात. नांदेडला जावा, गुरुद्वाऱ्याच्या लंगरात गडी माणसं पण रोट्या लाटताना दिसतात, मग आमच्याकडं एक रात्र विळी हातात घ्यायला काय होतं? आणि कोण कुणाच्या पंगतीला बसतो हा प्रश्न तर मराठवाड्यात लई जुना. पैठणच्या एकनाथांची गोष्ट सगळ्यांना पाठ हाय, श्राद्धाचं जेवण त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांना वाढलं आणि गावचे ब्राह्मण चिडले. सोळाव्या शतकातली गोष्ट, तरी अजून काही शेतांत सालगड्याचं ताट जरा लांबच पडतं, डोळे उघडे ठेवले की दिसतं.

पण बांधावरून कोर्टात गेलेले दोन भाऊ या दिवशी एकाच कोपीपुढं बसलेले पण दिसतात. बोलत नसतात, आई मधी बसून दोघांना वाढते, "घे अजून एक उंडा" म्हणते, आणि धाकटा गुपचूप भज्जीचं पातेलं थोरल्याकडं सरकवतो. केस मागं घेतली का? नाही, तारखेला दोघं वेगवेगळ्या गाडीनं जाणार, वकील पण वेगळे. फक्त पुढच्या वर्षीची येळवस कुणाच्या शेतात करायची ते आईनं आजच सांगून टाकलं, थोरल्याच्या, आणि धाकटा म्हणला बरं, तूर मी आणतो.