बंद करता येणारा इलाज

नमस्कार श्रोतेहो.

आज बाजारपेठेविषयी बोलायचं आहे. हे ऐकून ज्यांचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला असेल, त्यांनी जरा थांबावं. हा बाजार साबणाचा किंवा मोटारींचा नाही. आपल्या मेंदूला, मज्जारज्जूला, नसांना बारीकसा विजेचा प्रवाह देणारी जी यंत्रं निघाली आहेत, त्यांचा आहे. कंपवातासाठी मेंदूत बसवलेली तार. जुनाट पाठदुखीसाठी मणक्यातली तार. मिरगीसाठी मानेतल्या व्हेगस नसेभोवती गुंडाळलेली तार. ऐकू न येणाऱ्यासाठी आतल्या कानाच्या शंखात सरकवलेली तार. नावं भारदस्त, पण आत बघाल तर एक तार, एक बॅटरी आणि बाहेरून चालवायचं एक बटण.

साठ वर्षांपूर्वी असे रुग्ण बोटांवर मोजता येत होते. आज एकटे कॉक्लिअर इम्प्लांटच, म्हणजे ती कानातली तार, दहा लाखांच्या वर बसवले गेले आहेत, मेंदूतली तार दीड लाखाहून जास्त लोकांना बसवली गेली आहे आणि उलाढाल अब्जावधी डॉलरची आहे. दर वर्षी या बाजाराचे जाडजूड अहवाल निघतात. पुढच्या दहा वर्षांत अमुक टक्के वाढ, तमुक टक्के वाढ. दोन अहवालांचे आकडे जुळले तर शपथ! आणि प्रत्येकात ‘क्रांती’ हा शब्द. माझ्या हातात असतं तर हा शब्द जाहिरात लिहिणाऱ्यांकडून काढून घेतला असता आणि इतिहासाच्या शिक्षकांना परत दिला असता. असो.

हा बाजार का वाढतोय? आयुष्य वाढलं, म्हातारपणाचे आजार वाढले, गोळ्या सगळ्यांना लागू पडत नाहीत. मिरगीच्या तीन रुग्णांमागे साधारण एकाचे झटके औषधांनी आटोक्यात येत नाहीत. हे सगळं खरंच आहे. पण मला विचाराल तर मुळाशी दुसरंच कारण आहे. हा इलाज बंद करता येतो. पुन्हा सांगते, नीट ऐका: बंद करता येतो.

विजेचा इलाज तसा फार जुना. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनिअस लार्गस डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा जिवंत मासा दुखऱ्या जागी ठेवायला सांगायचा. पण माशाला बटण नसतं. झटका किती द्यायचा हे मासाच ठरवणार.

आता मी तुम्हाला 1987 सालात नेते. फ्रान्समधलं ग्रेनोबल हे गाव. शस्त्रक्रियेची खोली. ही गोष्ट मी याआधीही सांगितली असेल, ज्यांनी ऐकली असेल त्यांनी पुन्हा ऐकावी. मला ती सांगायला फार आवडते.

टेबलावर एक माणूस आहे, जागा. डोक्याची कातडी बधिर केलेली, कवटीला एक छोटंसं भोक. मेंदूला स्वतःला दुखत नाही, म्हणून माणूस बोलू शकतो, हात हलवू शकतो. हलवू शकतो म्हणजे काय, त्याचा हात थांबतच नाही, हेच तर दुखणं. असा हात तुम्ही पाहिला असेल. पेला उचलला की निम्मं पाणी बाहेर. डॉक्टर अशा रुग्णाला कागदावर गोगलगाईसारखं गोल गोल चक्र काढायला सांगतात, तर त्या रेघेला करवतीसारखे दाते येतात. सही येत नाही, शर्टाचं बटण लागत नाही, आणि चार लोकांत जेवायला बसायची लाज वाटते.

शल्यचिकित्सक आहेत आलिम-लुई बेनाबिद. वैद्यकशास्त्राचे डॉक्टर, शिवाय भौतिकशास्त्राचे डॉक्टर. त्या काळची रीत अशी, की मेंदूत खोलवर थॅलॅमस नावाचा भाग आहे, त्यातला एक कण एवढा तुकडा उष्णतेनं जाळून टाकायचा. कंप थांबतो. पण जाळलेलं ते जाळलेलं. जरा जागा चुकली तर माणसाची बोलण्याची किंवा चालण्याची शक्ती जायची. म्हणून जाळण्याआधी जागा तपासायची. सुईसारख्या इलेक्ट्रोडमधून थोडा प्रवाह सोडायचा आणि विचारायचं, काय होतंय? मुंग्या येतात का? हात ओढल्यासारखा वाटतो का?

बेनाबिदांनी त्या दिवशी विजेच्या ठोक्यांचा वेग बदलून पाहिला. सेकंदाला अगदी थोडे ठोके दिले, विशेष काही नाही. वाढवत नेले. सेकंदाला शंभरच्या आसपास पोचले, आणि तो थरथरणारा हात थांबला.

एकदम थांबला. हवेत उचललेला हात, स्थिर.

बेनाबिद घाबरले. त्यांना वाटलं, आपल्या हातून काहीतरी बिघडलं, हात आखडला. त्यांनी प्रवाह बंद केला आणि रुग्णाची माफी मागितली. इथे मी नेहमी थांबते, श्रोतेहो. शस्त्रक्रिया चालू असताना, टेबलावरच्या माणसाला सॉरी म्हणणारा सर्जन! डॉक्टरांना माफी मागायला अभ्यासक्रमात शिकवलं पाहिजे असं माझं जुनं मत आहे, आणि मोटार चालवणाऱ्यांनाही, पण तो आजचा विषय नाही.

तर, माफी मागितली. आणि तो रुग्ण म्हणाला, माफी कसली मागता, कित्येक वर्षांत पहिल्यांदाच माझा हात न थरथरताना पाहिला मी.

मग पुन्हा चालू केलं. कंप गेला. बंद केलं, कंप परत आला. चालू, गेला. बंद, आला. घरात एखाद्या दिव्याचं कनेक्शन सैल आहे का हे आपण बटण वरखाली करून जसं बघतो, अगदी तसं.

त्या क्षणी बेनाबिदांच्या हातात जे होतं ते आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं अशातला भाग नाही. मेंदूला वीज देऊन वेदना कमी करण्याचे प्रयोग झालेले होते, शरीरात बसवायच्या बॅटऱ्याही तयार होत्या. पण यांनी जोडणी केली. कंप दोन्ही हातांना असतो, आणि मेंदूच्या दोन्ही बाजू जाळल्या तर बोलणं बिघडायची भीती मोठी. मग त्यांनी काय केलं? एक बाजू जुन्या रीतीनं जाळली आणि दुसऱ्या बाजूला तार ठेवून दिली. एकाच डोक्यात एका बाजूला कायमचा इलाज, दुसऱ्या बाजूला बंद करता येणारा. 1987 सालच्या त्यांच्या पहिल्या अहवालात हेच रुग्ण आहेत. पुढे कोणती बाजू जिंकली ते तुम्हाला माहीतच आहे, म्हणून तर आपण बाजारपेठेबद्दल बोलतोय. आजही ही यंत्रं बहुधा सेकंदाला 130 ठोक्यांच्या जवळपास लावतात. आणि 2014 साली बेनाबिदांना, माकडांवर मूलभूत काम केलेल्या मॅलन डिलाँग यांच्यासोबत, वैद्यकशास्त्रातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

अरे, घड्याळाकडे बघितलं तर ग्रेनोबलनंच सगळा वेळ खाल्लाय. बाकीचं भराभर सांगते.

दुखण्याची बाजू. आपटलेला गुडघा आपण चोळतो आणि बरं वाटतं. चोळण्याचा संदेश दुखण्याच्या संदेशाची वाट अडवतो, असा सिद्धांत मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 साली मांडला. दोनच वर्षांनी नॉर्मन शीली यांनी मज्जारज्जूवर पहिलं यंत्र बसवलं. पाठदुखीची यंत्रं आज या बाजारातला सगळ्यात मोठा वाटा उचलणाऱ्यांत आहेत. 1997 हे एक साल बघा. अमेरिकेत एकाच वर्षात कंपासाठी मेंदूतली तार, मिरगीसाठी व्हेगस नसेची तार आणि लघवीवर ताबा राहावा म्हणून माकडहाडाच्या वरच्या नसेची तार, तिन्हींना मंजुरी मिळाली. बळावलेल्या कंपवातासाठी, म्हणजे पार्किन्सन्ससाठी, मेंदूतल्या तारेला मंजुरी मिळाली 2002 साली.

आणि आता व्यापाराची खरी खोच. गोळी संपली की दुसरी गोळी. इथे बॅटरी संपली की छोटीशी शस्त्रक्रिया. मेंदूच्या साध्या यंत्राची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. चार्ज करायची बरीच वर्षं चालते, पण मग दर काही दिवसांनी छातीवर पट्टा बांधून बसायचं. घरात आधीच चार चार्जर, त्यात हा पाचवा. एकदा बसवलं की रुग्ण आणि कंपनी यांची गाठ वर्षानुवर्षांची, आणि विकणाऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं.

ही गाठ एकीकडूनही सुटते. सेकंड साइट या अमेरिकन कंपनीचं डोळ्यातलं यंत्र, आर्गस दोन, 2013 साली अमेरिकेत मंजूर झालं. अंध माणसाला उजेड-अंधाराच्या ठिपक्यांतून दाराची चौकट कळू लागली. 2019 नंतर कंपनीनं ते बनवणं सोडलं, 2020 मध्ये बंद पडायच्या बेतात आली. जगभरातली साडेतीनशेहून जास्त माणसं, डोळ्यात यंत्र, आणि ते बिघडलं तर दुरुस्त करणारं कुणी नाही. यंत्र बंद करता येतं म्हणून मी एवढं कौतुक केलं. ते कुणी बंद करायचं, हे मात्र विचारून घ्यावं लागतं.

तेव्हा तुमच्या घरात कुणाला असं यंत्र सुचवलं असेल तर डॉक्टरांकडे जाताना कागदावर लिहून न्या. बॅटरी किती वर्षं? बदलणार कोण, खर्च कुणाचा? हे बसवल्यावर एमआरआय काढता येईल का? कंपनी उद्या विकली गेली तर सुटे भाग कुठे मिळतील? आणि बटण आमच्या हातात देणार का? कागद विसरू नका, कारण त्या खोलीत गेल्यावर निम्मं विसरायला होतं, माझंही होतं.

नमस्कार.