शिडावरचं ऊन

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या चित्राबद्दल बोलणार आहे, त्यातली सगळ्यात मोठी जागा एका कापडानं व्यापली आहे. मासेमारीच्या होडीचं शीड. होआकिन सोरोया या स्पॅनिश चित्रकारानं ते 1896 साली आपल्या गावी, व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्यावर रंगवलं. ‘शीड शिवताना’, एवढंच त्याचं नाव.

डोळ्यांसमोर आणा. हिरवाईची पडवी, कडेला फुलझाडं. मधोमध पसरलेलं शीड आपल्या पुढ्यातून थेट आत खोलवर गेलंय. बायका त्याचा घोळ मांडीवर ओढून टाके घालतायत. पुरुषही आहेत, पण चित्र बायकांचं. मूळ चित्र सुमारे 3 मीटर रुंद आहे, त्यामुळे समोर उभं राहिलं की शिडाचं एक टोक आपल्याही हाती येईल असं वाटतं.

आणि या शिडावर पानांतून झिरपलेले कवडसे! कापड पांढरं, हे आपल्याला ठाऊक असतं म्हणून पांढरं दिसतं. सोरोयानं उन्हात ते पिवळसर केलंय, सावलीत निळं, जांभळं. क्षणाचा बदलता उजेड टिपणाऱ्या पॅरिसच्या इम्प्रेशनिस्ट चित्रकार मंडळींत तो काही बसत नाही, त्याची माणसं त्यांच्यापेक्षा ठसठशीत असतात. पण सावली काळी नसते, हे त्यालाही पक्कं कळलं होतं.

सोरोयाला उन्हाची इतकी भूल पडली की कष्ट दिसेनासे झाले, असा आक्षेप घेता येईल. मला तो अर्धाच पटतो. 1894 मध्ये यानंच होडीच्या तळाशी जखमी पडलेला कोवळा मच्छीमार रंगवला होता आणि चित्राला नाव दिलं होतं, ‘आणि म्हणे मासळी महाग!’ दोन वर्षांनी शीड शिवणाऱ्या बायका हसताना दिसतात, हे खरं. मजुरीचा हिशेब इथे नाही. पण मांडीवरच्या त्या जाड कापडाचं ओझं बघा, टाक्यावर वाकलेल्या माना बघा. काम चाललंय, आणि काम करता करता गप्पाही. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना यात खोटं काही वाटणार नाही.

1905 पासून हे चित्र इटलीत, व्हेनिसच्या ‘का पेझारो’ नावाच्या संग्रहालयात आहे. इंटरनेटवर सहज सापडेल. मोठं करून आधी चेहरे सोडा, शिडाच्या घड्या बघा.